तोलाचं वजन

कासिल्दानं मातेच्या परकरात कोपरापर्यंत हात घातला आणि गाठ चाचपली. गाठ होती तिथंच होती. तिनं नख रुतवून पाहिलं, अंगठ्यानं ढकलून पाहिलं, मग डोळे मिटून दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढली. काही केल्या हलेना. सांधे आधीच सुजलेले, त्यात ऑगस्टच्या उकाड्यानं तळहात घामेजलेले.

“सुट की गं बाई,” ती वर बघत पुटपुटली. “माझं सोड, तुझ्याच अब्रूचा प्रश्न आहे.”

माता नेहमीसारखी खाली जमिनीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही.

बाहेर सगळं वाल्देहारा जेवून आडवं झालं होतं. खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गाव उठायच्या आत काम उरकायचं म्हणून कासिल्दा तोंडात घास न घालता चर्चमध्ये आली होती. मागच्या दारानं आत शिरली, वेदीमागचा अरुंद जिना धापा टाकत चढली आणि मातेच्या खोलीचं दार तिनं आतून लोटून घेतलं. पाच वाजता शहरातून मूर्तींची डागडुजी करणारी बाई येणार होती. ती माता उघडून बघणार होती. आणि मग संपलंच सगळं.

आमची एस्पिनोमाता म्हणजे खरं तर एक चेहरा आणि दोन हात. तेवढंच लाकडात कोरलेलं. गळ्याखाली नुसता पट्ट्यांचा सांगाडा, कोंबड्यांच्या खुराड्यासारखा पोकळ. त्याच्यावर परकर, परकरावर घागरा, घागऱ्यावर भरजरी झगा. गावात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं आणि कुणी ते बोलून दाखवत नाही. मातेचे कपडे बदलायचा मान दोन बायकांचा असतो, आणि ते चालू असताना कुठल्याही पुरुषानं खोलीत पाय ठेवायचा नाही. पाद्रीसुद्धा जिन्याखाली थांबतो. या एका नियमाच्या भरवशावर वाल्देहारा फुटबॉल क्लबचा चांदीचा कप तीस वर्षं त्या सांगाड्यात लटकत होता.

तो तिथं आहे हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे, असं कासिल्दा धरून चालली होती.

गेल्या महिन्यात वेदीवर लाकडाचा भुसा पडलेला दिसला आणि फादर विल्मर यांनी लगेच फोन लावला. फादर तरुण, कोलंबियाहून आलेले, आणि भलतेच सरळ. रस्त्यात सापडलेली छत्री चर्चच्या दाराला पाटी लावून टांगणारा माणूस. कासिल्दानं आपल्याकडून होईल तेवढा अडथळा घालून पाहिला होता.

“परका पुरुष येऊन मातेला उघडी बघणार? फादर, शोभतं का हे?”

“म्हणूनच तर बाई मागवलीय, मावशी,” फादर हसून म्हणाले होते. “तुमचा नियम मला पाठ आहे.”

तिथंच तिची काळजी सुरू झाली होती. कारण फादर चार गावं सांभाळतात. दहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, वाल्देहारात, बाराची तोर्रेमुगात. आणि कप सापडला तर तो छत्रीसारखा सरळ तोर्रेमुगात जाणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

तोर्रेमुगा म्हणजे आमचं शेजारचं गाव, ओढ्यापलीकडचं. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही. वाल्देहाराचा क्लब वाइनच्या सहकारी कारखान्यातल्या गड्यांनी काढला, जुन्या खळ्यांच्या जागेवर. मैदान इतकं उताराचं की नाणेफेक जिंकली की निम्मा सामना खिशात. जर्सी हिरव्या, कारण तेव्हाच्या पाद्रीबाबांकडे पडद्याचं हिरवं कापड उरलं होतं. वरच्या वर्गात आम्ही कधी गेलो नाही. पण एका वर्षी प्रांताचा कप जिंकला, तोही तोर्रेमुगात, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच बँडच्या नाकावर टिच्चून. शेवटची पेनल्टी कासिल्दाच्या नवऱ्यानं, फ्लोरियाननं, तोंडावर झेलली. दोन दात गेले, कप आला. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी सगळी टीम कप घेऊन चर्चमध्ये गेली, कप्तानानं तो मातेच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, “आई, हा तुझा.” एक रात्र तो तिथं राहिला. मग उचलून बारच्या फळीवर नेऊन ठेवला.

पुढं पोरं कामासाठी वालेन्सियाला गेली, माद्रिदला गेली. अकरा जण जमेनात. केसांत पीठ असलेला बेकरीवाला गोलात उभा राहायला लागला, तेव्हाच ओळखायचं की संपलं. शेवटी दोन गावांचा मिळून एक क्लब करायचं ठरलं. कागदावर दोघांचा. दोन हंगामांत नावातून वाल्देहारा गळालं आणि उरलं ते नुसतं तोर्रेमुगा. करारात असंही होतं की जिंकलेलं सगळं सामान नव्या क्लबच्या कपाटात जाईल. सही केली ती आमचा शेवटचा अध्यक्ष क्रिसान्तो यानं. न करून सांगतो कुणाला.

कप सोपवायच्या आदल्या दिवशी, अशाच टळटळीत दुपारी, तो बारमधून क्लबच्या खोलीत आणून ठेवलेला असताना, त्या खोलीची एक चावी जिच्याकडे होती ती बाई तिथं गेली. जर्सी धुण्याचं काम कासिल्दाचं. कितीतरी वर्षं सोमवारी तिच्या गच्चीवर अकरा हिरव्या जर्सी वाळत पडायच्या आणि त्यांच्यावरच्या चिखलावरून गाव सामन्याचा निकाल ओळखायचं. त्या दिवशी तिनं कप टोपलीत घातला, वर ओल्या जर्सी टाकल्या आणि टोपली कमरेवर घेऊन भर रस्त्यानं चर्चमध्ये आली. चोरी तिला वाटलीच नाही. मातेला दिलेली वस्तू मातेची. मधली वीस-बावीस वर्षं बारच्या फळीवर होती ती उसनी.

चूक एकच झाली. कप सांगाड्यात बांधायला तिनं फ्लोरियानची गोलरक्षकाची जर्सी वापरली, आणि ती ओली होती. ओल्या कापडाची गाठ वाळली की काय होतं, हे जन्मभर कपडे धुणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. पण घाईत कुणाचं डोकं चालतं?

बाकी बोल लागला क्रिसान्तोला. तोर्रेमुगावाल्यांनी आपल्या काचेच्या कपाटात त्या कपाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आणि खाली पाटी लावली, ‘ठावठिकाणा अज्ञात’. आमच्या बारमध्ये एलादिओ नावाचा एक गडी कुणी ऐकतंय असं दिसलं की हमखास ओरडायचा, “क्रिसान्तो, तुझा तो नवा ट्रॅक्टर चांदीवर चालतो का रे?” बार हसायचा. क्रिसान्तोही हसायचा. कासिल्दा बाजूच्या टेबलावर असली तर पेला अर्धवट टाकून उठायची. कितीदा तिनं ठरवलं, आज त्याला गाठून सांगायचं. आणि कितीदा तिची जीभ उचलली नाही. फ्लोरियान गेला तेव्हा शवपेटीचा एक कोपरा क्रिसान्तोनंच धरला होता, त्यावेळीही ती गप्पच राहिली.

“कासिल्दा! वर आहेस का?”

तिनं हात इतक्या झटक्यानं ओढला की पट्टीचं कुसळ बोटात घुसलं. आवाज जिन्याखालून आला होता, आणि तो क्रिसान्तोचाच होता. मातेची पालखी उचलणाऱ्या खांदेकऱ्यांचा म्होरक्याही तोच. त्याच्या काठीच्या टकटकीवर पालखी उठते आणि टेकते.

“आहे,” ती ओरडली. “वर येऊ नकोस!”

“आजवर आलोय का कधी? पालखीचे दांडे बघायला आलो होतो.” तो खोकला. “ती बाई पोचली बरं का. चौकात कॉफी पितेय.”

“आत्ताच? पाचला येणार होती ना?”

“शहरातली माणसं. त्यांना दुपारची झोप कुठली.” थोडा वेळ खालून नुसता काठीचा आवाज आला. “तू घाबरीघुबरी होऊ नकोस. मी तिला जरा गाव दाखवून आणतो. आपलं मैदान दाखवतो.”

“मैदानात काय दाखवणार आहेस? काटे?”

“काटेच दाखवतो. आपल्याकडचे काटे बघण्यासारखे असतात.”

एरवी ती हसली असती. आता तिला नुसता संताप आला. जन्मभर या माणसाला बडबडीशिवाय काही सुचलं नाही. पण बाईला अर्धा तास जरी गुंतवून ठेवलं तरी देव पावला. पावलं लांब गेल्यावर तिनं फडताळातली कात्री काढली. फ्लोरियानची जर्सी कापायची कल्पनाच तिला आजवर सहन झाली नव्हती. आज इलाज नव्हता.

कात्री आत घालून तिनं अंदाजानं एक पातं गाठीखाली सरकवलं आणि दाबलं. करकर आवाज झाला, दोन-चार धागे तुटले. पुन्हा दाबलं. गाठ किंचित सैल झाल्यासारखी वाटली, तिच्या जिवात जीव आला, तिनं जोर केला आणि घामेजलेल्या बोटांतून कात्री सटकली. आत खण्णकन आवाज झाला. कात्री कपावर आपटली आणि सांगाड्याच्या तळाशी जाऊन पडली, हात पोचत नाही अशा जागी.

कासिल्दा मातेच्या पायाशी मटकन बसली. रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

“अगंबाई! काय पडलं?”

दारात विसि उभी होती. विसितासिओन, कपडे बदलायचा मान असलेली दुसरी बाई. कासिल्दाला जगात कुणाची धास्ती असेल तर ती विसिची. मन वाईट नाही तिचं, पण तोंड म्हणजे चर्चची घंटा. शिवाय नवरा तोर्रेमुगाचा, आणि त्या काचेच्या कपाटाची चावी त्याच्याच खुंटीला. म्हणूनच इतकी वर्षं परकर बदलायचं काम कासिल्दानं स्वतःकडे ठेवलं होतं आणि विसिला झग्याच्या इस्त्रीला बसवलं होतं.

“कात्री,” कासिल्दा म्हणाली. “कात्री पडली.”

“आणि तू का खाली बसलीस? तोंड बघ कसं झालंय, दह्यासारखं. जेवलीस का?”

“भूक नव्हती.”

“भूक नव्हती म्हणे. या वयात चक्कर येऊन जिन्यावरून पडलीस तर उचलायला कोण येईल? पुरुषांना तर वर यायची बंदी.” विसिनं तिला काखेत धरून उभं केलं. “ती बाई येतेच आहे. क्रिसान्तोनं तिला उन्हात मैदानभर फिरवलंय, बिचारी लालबुंद झाली असेल. तू बस बाजूला, आज परकर मी काढते.”

“नको!”

विसिनं तिच्याकडे नीट बघितलं. कासिल्दानं नजर खाली वळवली. विसि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि खालून फादर विल्मर यांचा आवाज आला, “मी इथंच थांबतो हं, मावशी. काही लागलं तर हाक मारा.”

नेरेआ नावाची ती डागडुजीवाली बाई पस्तिशीची असेल. कपाळावर टॉर्चचा पट्टा, हातात रबरी मोजे, खांद्याला पेटी. तिनं मातेपुढे क्रूसाची खूण केली, मोजे चढवले आणि म्हणाली, “करूया सुरुवात?”

झगा उतरला. घागरा उतरला. विसिनं तो घडी करून खुर्चीवर ठेवला. कासिल्दा परकराच्या नाडीपाशी उभी राहिली आणि नाडीचं टोक मुठीत धरून राहिली. आता हिला कळणार, मग विसिला कळणार, मग तोर्रेमुगाला कळणार. फादर वाईट वाटून घेत कप वर्तमानपत्रात गुंडाळतील आणि बाराच्या मिस्सेला घेऊन जातील. तोर्रेमुगावाले काचेचं कपाट उघडून टाळ्या वाजवतील. फ्लोरियानचे दोन दात फुकट जातील. आणि मातेला हात लावायचा आपला मान संपेल, चोरट्या बाईला कोण ठेवतं? नाडी नेरेआनंच सोडली.

परकर खाली आला. टॉर्चचा उजेड पट्ट्यांमधून आत शिरला.

नेरेआनं आधी तळाच्या कडा बघितल्या, एका बारीक सुईनं भोकं टोचून बघितली. “कीड आहे, पण फक्त खालच्या पट्टीला. औषध सोडलं की जाईल. हलवायची गरज नाही.” मग तिनं हात आत घातला आणि कात्री बाहेर काढली. “ही तुमची?”

“माझी,” कासिल्दा म्हणाली.

“आणि हे ते तोलाचं वजन.” तिनं टॉर्च वर केला. मळकट हिरवं गाठोडं पट्ट्यांच्या मधोमध लटकत होतं. जर्सी एका बाजूनं घसरली होती आणि तिथून कपाचा एक कान बाहेर आला होता, काळवंडलेला, तरी वळणदार, नक्षीचा.

कासिल्दानं खुर्चीची पाठ धरली.

“कसलं वजन?” विसिनं विचारलं.

“त्या काठीवाल्या आजोबांनी मैदानात सांगितलं ना. म्हणाले, आत तोलाचं वजन आहे, त्याला हात लावू नका. ते काढलं तर वळणावर पालखी पुढे झुकते. तीस वर्षं त्या वजनासकट उचलतोय, खांद्यांना सवय झालीय म्हणाले.” नेरेआनं गाठोडं बोटानं जरासं ढकललं. ते हललं आणि पट्टीवर टणत्कारलं. “मूर्तींमध्ये वजन घालतात, मी पाहिलंय. शिसं, दगड, एकदा तर इस्त्रीच होती. असल्या आकाराचं मात्र पाहिलं नव्हतं.” ती थांबली. “एक विचारू? तुम्ही म्हणता इथं पुरुष येत नाहीत. मग त्या आजोबांना आतलं कसं माहीत?”

खांदा, कासिल्दाच्या मनात आलं. ज्याचा खांदा वर्षानुवर्षं त्या दांड्याखाली होता, त्याला कळणार नाही तर कुणाला? पहिल्याच वर्षी कळलं असणार त्याला. म्हणजे एलादिओ बारमध्ये ओरडत होता आणि हा हसत होता, तेव्हा त्याला माहीत होतं. त्यानं शवपेटीचा कोपरा धरला आणि तिनं त्याच्याकडे बघितलं नव्हतं, तेव्हाही माहीत होतं. तिचे कान तापले.

विसि वाकून त्या गाठोड्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. तो कान आणि ती नक्षी तिला न ओळखण्याचं कारण नव्हतं. तिचा नवरा त्या कपाचा फोटो दाखवून पाहुण्यांना पकवत असे. कासिल्दा तिच्या तोंडाकडे बघत राहिली, ते उघडण्याची वाट बघत.

विसि सरळ झाली. तिनं खुर्चीवरचा धुतलेला परकर उचलला, झटकला आणि एकदम कडक आवाजात म्हणाली, “कासिल्दा, अगं उभी काय राहिलीस? बाई उन्हातून आल्यात, पाणी तरी विचारलंस का? जा, आण. मी परकर चढवते.” मग नेरेआकडे वळून, “वजन ते वजनच हो. कीड काय लोखंड खात नाही, नाही का?”

“चांदीही खात नाही,” नेरेआ म्हणाली, आणि पेटीतली औषधाची बाटली शोधायला लागली.

जिन्याखाली फादर विल्मर घाम पुसत उभे होते.

“सगळं ठीक ना, मावशी?”

“ठीक,” कासिल्दा म्हणाली. “खालच्या पट्टीला कीड आहे. बाकी तोल बरोबर आहे.”

आठ सप्टेंबरला मातेचा सण. त्या आठवड्यात ती क्रिसान्तोला दोनदा रस्त्यात भेटली आणि दोन्ही वेळा त्यानं फक्त उन्हाबद्दल गप्पा मारल्या. तोर्रेमुगाहून कुणी आलं नाही. विसि पेठेत सगळ्यांशी सगळं बोलत होती, त्या एका गोष्टीखेरीज. तरी कासिल्दाची काळजी काही मिटेना. आजवर एकटीचं होतं ते आता किती जणांचं झालंय, हे तिला कळत नव्हतं, आणि कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

मिरवणूक संध्याकाळी निघाली. पुढे फादर, मग पालखी, मागे मेणबत्त्या घेतलेल्या बायका, शेवटी बँड. चौक ओलांडून, सहकारी कारखान्यावरून, दरवर्षीच्या वाटेनं जुन्या मैदानाच्या फाटकाशी आली. हा वळसा बंद करायचा फादर दरवर्षी म्हणतात. म्हाताऱ्या बायका दमतात, तिथं काट्यांशिवाय आहे काय? क्रिसान्तोचं उत्तर ठरलेलं, खांदा बदलायला सपाट जागा तिथंच आहे, फादर.

सपाट! त्या मैदानावर बाटली ठेवली तरी गडगडत जाते. कासिल्दा एकदम थांबली. इतकी वर्षं हे उत्तर ऐकलं, आणि हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही?

ते ओसाड मैदान बघवत नसे म्हणून इथं पोचलं की ती दरवर्षी मेणबत्ती विसिकडे द्यायची आणि वाकून बुटाची नाडी बांधायची. आज ती वाकली नाही. क्रिसान्तोनं काठी दांड्यावर टेकवली. बँड थांबला. इथं बँड नेहमीच थांबतो, तिला वाटायचं दम घ्यायला. काठी पुन्हा वाजली. बारा खांदेकऱ्यांनी पालखी खांद्यावरून उचलली आणि हात ताठ करून वर, डोक्यावर धरली. कुणी खांदा बदलला नाही. ते तसेच, हात वर ताणलेले, जागच्या जागी सावकाश वळले. आधी मैदानाच्या वरच्या गोलाकडे, मग ओढ्याकडे, मग जिथं दगडी पायऱ्यांवर गाव बसायचं त्या बाजूला. पायऱ्या कधीच खचल्यात. एका गोलाचा एक खांब शिल्लक आहे, त्याला कुणाची तरी शेळी बांधलेली होती.

आणि त्या शांततेत, मातेच्या झग्याखालून, टण्ण असा आवाज आला. मग आणखी एकदा.

कासिल्दानं आजूबाजूला बघितलं. बँडवाल्यांनी वाद्यं खाली धरली होती. बायकांनी बोलणं थांबवलं होतं. बेकरीवाला म्हातारा टोपी काढून उभा होता. एलादिओ पुढच्या दांड्याला होता, हात थरथरत होते, गालावरून पाणी ओघळत होतं. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. इतकी वर्षं कुणीच बघितलं नव्हतं, किती काळजीनं बघितलं नव्हतं.

पालखी खांद्यावर उतरली. कासिल्दा बायकांची रांग सोडून पुढे गेली. मेणबत्तीचं मेण हातावर सांडलं तरी तिला कळलं नाही.

“तुला चोर म्हणाले रे ते,” ती क्रिसान्तोला म्हणाली. “तीस वर्षं.”

“एलादिओच म्हणायचा. तोर्रेमुगाचं कुणी बारमध्ये असलं की मोठ्यानं म्हण, असं मीच सांगितलं होतं त्याला.” तो काठीच्या मुठीवरचा घाम शर्टाला पुसत होता. “काहींनी खरं मानलं. त्याला काय करणार.”

तिला बरंच काही बोलायचं होतं. जे तोंडात आलं ते भलतंच आलं.

“मी कात्री लावली त्याला. गाठ सैल झालीय, म्हणून वाजतंय. पुढच्या वर्षी नवं फडकं घालून घट्ट बांधते. मग आवाज येणार नाही.”

क्रिसान्तोनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

“नको,” तो म्हणाला. “आवाज असू दे.”

मग त्यानं दांड्यावर काठी वाजवली, आणि बँड सुरू झाला.